वस्तूंचे अध्यापक

‘आपण कशाचे प्राध्यापक?’ या प्रश्नाला ‘इतिहासाचे’ किंवा ‘रसायनाचे’ असे उत्तर मिळाले म्हणजे विचारणाराचे समाधान होते. परंतु ‘संग्रहालयशास्त्राचे’ असे उत्तर मिळाले, तर तो क्षणभर घोटाळतो. संग्रहालयात वस्तू ठेवायच्या, काचेची कपाटे पुसायची, दारावर तिकिटे फाडायची. यात शिकवण्यासारखे असे काय आहे, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. आपल्या बोलण्यात अजूनही ‘अजबखाना’ हा शब्द आहे. अजबखान्याला राखणदार लागतो, प्राध्यापक कशाला, ही शंका त्या शब्दातच दडलेली आहे. आज आम्हाला या शंकेचेच उत्तर द्यावयाचे आहे. आणि ते देण्यासाठी या विषयाचे अध्यापक कोठून आले, त्यांनी आयुष्यात काय काय केले आणि त्यांना नेमके काय ठाऊक असते, हे थोडे इतिहासात जाऊन पाहावयाचे आहे.

प्रारंभ अमेरिकेपासून करू. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात पॉल सॅक्स नावाचे एक गृहस्थ सहसंचालक होते. यांचा जन्म १८७८ चा, घराणे सावकारीचे. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध गोल्डमन सॅक्स पेढीत ते भागीदार होते. चित्रांच्या व छापचित्रांच्या ओढीने त्यांनी पेढी सोडली आणि १९१५ च्या सुमारास ते संग्रहालयाच्या कामाला लागले. १९२१ पासून पुढे पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी संग्रहालयाच्या कामाचा एक वर्ग चालविला. हा वर्ग पुष्कळदा त्यांच्या राहत्या घरी भरे. विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष वस्तू दिली जाई; ती कोणत्या काळची, खरी की बनावट, तिची किंमत काय असावी, ती कोठे व कशी मांडावी, हे त्यांनी सांगावयाचे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाचे १९२९ मधील पहिले संचालक आल्फ्रेड बार आणि पुढे मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे संचालक झालेले जेम्स रोरिमर हे दोघेही याच वर्गातले. सॅक्स यांच्यापाशी मोठमोठ्या विद्वत्ग्रंथांची रास नव्हती. होती ती नजर, हात आणि माणसांची पारख. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हा पहिल्या पिढीचा अध्यापक बाजारातून संग्रहालयात आला आणि संग्रहालयातून वर्गात गेला.

आता आपल्या देशाकडे वळू. १९३६ साली मार्कहॅम व हारग्रीव्हज या दोघांनी हिंदुस्थानातील संग्रहालयांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. एवढ्या अफाट देशात त्यांना जेमतेम शंभरावर काही संग्रहालये आढळली. आणि त्यांचा कारभार पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना या कामाचे शिक्षण मिळालेले नव्हते. कोठे महाविद्यालयाचे अध्यापक, तर कोठे दुसऱ्याच खात्याचे अधिकारी आपले मूळ काम सांभाळून फावल्या वेळात संग्रहालय पाहत. दोष त्या माणसांचा नव्हता. शिकावयाचे म्हटले, तरी शिकविणारी संस्थाच देशात नव्हती.

ही उणीव प्रथम भरून काढली ती बडोद्याने. आणि बडोद्याचे नाव निघाले, की मराठी माणसाने थोडे थांबले पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन तेथे सयाजीराव महाराज झाला. या राजाने पुढे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, हे आपण जाणतोच. परंतु त्यांची दुसरी एक दृष्टी आपण तितकीशी लक्षात घेत नाही. संस्था उभारली, की ती चालविणारी माणसेही घडविली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. १९१० साली त्यांनी ग्रंथालयांच्या उभारणीसाठी विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून घेतले आणि दुसऱ्याच वर्षी बडोद्यात ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला. संग्रहालयाची इमारत तर १८९४ मध्येच पुरी झाली होती, आणि तिच्या शेजारचे चित्रदालन १९२१ मध्ये लोकांसाठी खुले झाले. पण संग्रहालयाची माणसे घडविण्याचे काम महाराजांच्या हयातीत राहून गेले. ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, आणि १९५२ साली तेथे संग्रहालयशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. विद्यापीठाच्या पातळीवर हा विषय शिकविणारा देशातील हा पहिला विभाग होय.

या आरंभाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते डॉक्टर हेर्मान गोएट्झ हे जर्मन गृहस्थ. १८९८ साली कार्ल्सरूहे येथे त्यांचा जन्म झाला. मोगल दरबारातील वेशभूषा हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. १९३६ मध्ये ते हिंदुस्थानात आले. महायुद्ध सुरू होताच शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांच्या वाट्याला स्थानबद्धता आली. आणि तरीही बडोद्याच्या संग्रहालयाला त्यांनी आपली उमेदीची वर्षे दिली. संग्रहालयाचे नियतकालिक त्यांनी नावारूपास आणले, दालनांची मांडणी नव्याने केली. पुढे दिल्लीस राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या प्रारंभीच्या काळात त्यांनी त्याची धुरा वाहिली आणि अखेरीस ते मायदेशी हायडेलबर्गला अध्यापनाकडे वळले. त्यांच्यामागून बडोद्याच्या संग्रहालयाचे संचालकपद व्ही. एल. देवकर यांच्याकडे आले. त्या काळात सकाळी दालनात काम करावे आणि दुपारी तेच काम विद्यार्थ्यांना समजावून सांगावे, इतके हे दोन व्यवसाय एकमेकांच्या जवळ होते.

अशा अध्यापकाला काय काय ठाऊक असावे लागते, हे पाहण्यासाठी त्याच बडोद्याच्या संग्रहालयातील तीन वस्तू घेऊ. १९५१ साली बडोद्याजवळ अकोटा येथे जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. मूर्ती कोणाची, लेख कोणत्या लिपीत, काळ कोणता, हे इतिहासकार सांगेल. परंतु शतकानुशतके जमिनीत राहिलेल्या ब्राँझमध्ये मातीतील क्षार शिरलेले असतात. हवेतील ओल लागली, की त्या क्षारांमुळे फिकट हिरवी भुकटी फुटू लागते आणि मूर्ती आतून खात जाते. ही भुकटी ओळखणे, आणि चिंच वा राख घेऊन मूर्ती लख्ख घासण्याचा मोह आवरणे, हे ज्ञान वेगळे आहे. दुसरी वस्तू लघुचित्रे. कागदावरील नाजूक रंग उजेडाने उडतात, आणि एकदा उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून अशा चित्रावर पन्नास लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, असा दंडक आहे. दिवाणखान्यातल्या आपल्या नेहमीच्या दिव्याच्या मानाने हा उजेड मंदच म्हणावयाचा. प्रेक्षक तक्रार करतो, ‘येथे अंधार का?’ त्याचे समाधान करणे हाही या शास्त्राचाच भाग. तिसरी वस्तू म्हणजे १९४४ साली महीनदीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा अजस्र सांगाडा. देवमाशाच्या हाडांत तेल मुरलेले असते, ते पुढे कित्येक वर्षे पाझरत राहते. धातू, कागद आणि हाड, तिन्ही एकाच छपराखाली. आणि तिघांची पथ्ये वेगवेगळी!

तात्पर्य, या अध्यापकाला इतिहासकाराचे थोडे, रसायनज्ञाचे थोडे, सुताराचे आणि दिवाबत्तीवाल्याचे थोडे, आणि शाळामास्तराचे पुष्कळसे यावे लागते. शिवाय नोंदवहीची शिस्त हवी, ती निराळीच. वस्तू कोठून आली, कोणी दिली, केव्हा दिली, हे ज्या दिवशी ती आली त्याच दिवशी लिहून ठेवले नाही, तर पुढे ती वस्तू मुकी होते. तलवार तलवार म्हणून उरते. परंतु ती कोणाची, हे सांगणारा दुवा कायमचा तुटतो. चोरीने वस्तू जाते, तर नोंदीअभावी तिचा अर्थ जातो. पहिल्या हानीचा गवगवा होतो, दुसरी कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती टाळण्याची सवय हाडीमांसी खिळविणे, हे आमच्या मते या अध्यापकाचे पहिले काम.

दुसरे काम प्रेक्षकाचे. बडोद्याच्या याच विभागाचे एक प्रमुख प्राध्यापक व्ही. एच. बेडेकर यांनी १९७८ साली चांगल्या प्रदर्शनाच्या मांडणीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १९९५ साली भारताला कोणते नवे संग्रहालयशास्त्र हवे, याची चर्चा दुसऱ्या पुस्तकात केली. दोन पुस्तकांमधील अंतर सतरा वर्षांचे; आणि प्रश्न ‘वस्तू कशी मांडावी’ येथून ‘संग्रहालय कोणासाठी’ येथवर गेलेला. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या १९६० मधील संचालिका ग्रेस मॉर्ली यांचीही वाट अशीच लांबची. प्रथम महाविद्यालयात अध्यापन, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंग्रहालयाचे संचालकपद, नंतर दिल्ली. आणि येथील पद सोडल्यावरही आशियातील संग्रहालयांच्या माणसांना शिकविण्यासाठी त्या भारतातच राहिल्या. १९८५ साली त्यांचा अंतही येथेच झाला.

आता एक अडचणीचा मुद्दा मांडला पाहिजे. १९६६ साली इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठाने संग्रहालयविद्येचा स्वतंत्र विभाग काढला. आपल्याकडे कलकत्ता, बनारस, अलीगढ येथेही हे शिक्षण मिळू लागले. १९८९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालयाच्या जोडीने एक अभिमत विद्यापीठच स्थापन झाले. विषयाला प्रतिष्ठा आली. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. हे सारे इष्टच. परंतु प्रतिष्ठेबरोबर विद्यापीठाचे नियमही आले. आज अध्यापकाची निवड होते ती परीक्षा, प्रबंध आणि छापलेले लेख पाहून. पंधरा वर्षे एखाद्या संग्रहालयाच्या तळघरात कसरीशी आणि वाळवीशी झुंजलेल्या माणसापाशी या तिन्हींपैकी एकही नसेल, तर त्याला वर्गाचे दार बंद. उलट, ज्याने आयुष्यात एकही मूर्ती एका दालनातून दुसऱ्यात हलविली नाही, तो मूर्ती हलविण्याचे नियम फळ्यावर लिहू शकतो. पोहणे काठावरून शिकविण्याचा हा प्रकार आहे.

याचा अर्थ प्रबंध नकोत असा नव्हे. नुसत्या हातकौशल्यावर विसंबले, तर गुरूची चूकही शिष्याच्या गळ्यात परंपरा म्हणून पडते. पितळ घासून लख्ख करण्याची रीत अशाच परंपरेने चालत आली आहे. चूक कोठे आहे, हे रसायनशास्त्रच सांगते. म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की विद्यापीठाने संग्रहालयातील अनुभवी माणसाला काही तास तरी वर्गात बोलवावे, आणि वर्गातल्या अध्यापकाला दर काही वर्षांनी संग्रहालयात कामास धाडावे. वैद्यकाच्या अध्यापकाला रुग्णालय सुटत नाही. मग संग्रहालयशास्त्राच्या अध्यापकाला संग्रहालय का सुटावे?

कोणी म्हणेल, हा विद्यापीठांचा प्रश्न. गावच्या नागरिकांचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी कोणत्याही विद्यापीठात न शिकता, चष्म्याचे दुकान सांभाळून, दिवे, अडकित्ते आणि वज्रींपासून थेट वाड्यांच्या दरवाजांपर्यंत वस्तू जमवून केवढे संग्रहालय उभे केले! अशी वेडी माणसे गावोगावी लहान प्रमाणावर आहेत. त्यांच्या मागे त्या ट्रंकांचे आणि फडताळांचे काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. काही वस्तू भंगारात जातात, काही मुंबईच्या दुकानात; आणि ज्या नगरपालिकेच्या एखाद्या खोलीत पोहोचतात, त्यांना कुलूप लागते. संग्राहकाच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर जाते. तो हयात असतानाच एखाद्या विद्यापीठातल्या अध्यापकाला पत्र लिहून त्याच्या विद्यार्थ्यांना महिनाभर गावात बोलवावे, राहण्याजेवण्याची सोय आपण करावी, आणि त्यांच्याकडून प्रत्येक वस्तूची नोंद म्हाताऱ्याच्या तोंडून लिहून घ्यावी. विद्यार्थ्यांना शिक्षण मिळेल, आणि गावाला नोंदवही. या व्याख्यानमालेच्या मंडपात बसलेल्यांपैकी दोघाचौघांनी जरी असे एक पत्र लिहिले, तरी आजचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.