वाणी, यंत्र आणि घरातील दिवा : सोलापूरच्या भाषास्थितीच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

सोलापूरच्या सामाजिक इतिहासात आवाजाने घर चालविण्याची एक जुनी रीत नमूद करावी लागते. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि तिच्यामागोमाग इतर गिरण्या उभ्या राहिल्या. त्यानंतर कित्येक पिढ्या गिरणगावातील चूल केव्हा पेटावी, पाणी केव्हा भरावे आणि दिवा केव्हा मालवावा हे भोंग्याने ठरविले. तेथे यंत्र बोलत असे आणि माणूस ऐकत असे. आज हाच संबंध उलटविण्याचा प्रयत्न चालू आहे. माणसाने बोलावे, यंत्राने ऐकावे आणि घरातील दिवा, पंखा, पडदा, कुलूप ही साधने त्या शब्दाबरहुकूम चालावीत, अशी ही कल्पना आहे. तिचा इतिहास सामान्यतः यंत्राच्या शक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. यंत्राला किती ऐकू येते, याच्याइतकाच ते कोणाचे बोलणे ऐकून शिकले हा प्रश्न या इतिहासात प्रारंभापासून निर्णायक ठरला आहे, आणि सोलापूरसारख्या चौभाषिक नगरात तो विशेष स्पष्टपणे पुढे येतो.

आरंभ एका खेळण्यापासून करावयास हरकत नाही. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘रेडिओ रेक्स’ नावाचा सेल्युलॉइडचा कुत्रा विकला जात असे. त्याचे नाव उच्चारताच तो घरकुलातून बाहेर उडी घेई. नावातील स्वराच्या सुमारे ५०० हर्ट्‌झ कंपनसंख्येच्या ऊर्जेने एक विद्युत्‌चुंबकीय पकड सुटे, एवढीच त्यातील युक्ती होती. ज्याच्या स्वराची घडण निराळी, त्याच्या हाकेला हा कुत्रा दाद देत नसे. आणि लहान मुलांचा स्वर प्रौढ पुरुषाच्या स्वराहून निराळाच असतो. खेळणे मुलांसाठी आणि कान मात्र वडिलांच्या आवाजाचा, हा विनोद पुढील शतकाच्या इतिहासाची जणू नांदीच होय.

१९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेत डेव्हिस, बिडल्फ आणि बालाशेक यांनी ‘ऑड्री’ हे यंत्र सिद्ध केले. ते इंग्रजीतील दहा अंक ओळखी. परंतु ज्याच्या आवाजाशी त्याची जुळणी केलेली असे, त्याचे अंक ते अचूक ओळखी आणि परक्या माणसापुढे अडखळे. १९६२ च्या सिअॅटल येथील जागतिक प्रदर्शनात आय. बी. एम. कंपनीने मांडलेला ‘शूबॉक्स’ सोळा शब्द जाणत होता. अमेरिकन संरक्षण खात्याच्या साहाय्याने १९७१ ते १९७६ या काळात झालेल्या संशोधनातून कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘हार्पी’ ही १,०११ शब्दांची प्रणाली निघाली. ज्या राज रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली हे कार्य झाले, ते आंध्रातील चित्तूर जिल्ह्यातल्या काटूर गावचे. सोलापूरच्या पूर्वभागातील पद्मशाली विणकरांच्या घरांत जी तेलुगू आजही बोलली जाते, तीच त्यांचीही मातृभाषा. तथापि त्यांच्या यंत्राला शिकावी लागली ती इंग्रजीच. संशोधनाचे द्रव्य जेथून येते तेथील भाषा यंत्र आधी शिकते, हा नियम पुढेही क्वचितच मोडला गेला.

याच दशकात एक पद्धतीविषयक पालट घडला, त्याचे महत्त्व भाषाभ्यासकांनी ध्यानात घ्यावयास हवे. फ्रेडरिक येलिनेक प्रभृतींनी आय. बी. एम. मध्ये ध्वनिशास्त्राचे नियम यंत्राला पढविण्याऐवजी, बोललेल्या वाक्यांच्या मोठ्या साठ्यावरून संभाव्यतेचे गणित बसविण्याचा मार्ग प्रशस्त केला. यापुढे भाषेचा व्याकरणकार मागे पडला आणि साठा जमविणारा पुढे आला. मग साठ्यात कोण आहे हा प्रश्न तांत्रिक न राहता सामाजिक झाला. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या असता, गौरवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी एकोणीस चुका, तर कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात पस्तीस चुका आढळल्या. भाषा एकच, देश एकच. भेद होता तो यंत्राने कोणाचे बोलणे अधिक ऐकले याचा.

गृहनियंत्रणाची शाखा मात्र स्वतंत्रपणे वाढली, आणि तिचा उगम सुखसोयीत नसून असहायतेत आहे. १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रेग मेलिंग यांनी हातापायांची शक्ती गमावलेल्या रुग्णांसाठी ‘पॉसम’ हे साधन घडविले. नळीतून श्वास फुंकून अथवा ओढून रुग्ण घंटा, दिवा, दूरध्वनी चालवू शके. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘मी समर्थ आहे’ असा होतो. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको कंपनीने विजेच्या तारांतूनच संकेत धाडून उपकरणे चालविण्याची ‘एक्स-१०’ पद्धती काढली. हे दोन प्रवाह एकत्र येऊन सर्वसामान्य घरात पोचावयास २०१४ साल उजाडले. त्या वर्षी ॲमेझॉनचा ‘एको’ हा बोलका ध्वनिक्षेपक अमेरिकेत आला आणि २०१७ मध्ये तो भारतात उपलब्ध झाला. त्याच वर्षी गूगलच्या वाणीटंकनात मराठीचा समावेश झाला आणि २०१८ मध्ये त्या कंपनीचा बोलका साहाय्यक मराठी बोलू लागला.

परंतु ‘मराठी’ म्हणजे कोणती? घरातील दिव्याचेच उदाहरण घेऊ. मराठी माणूस दिवा ‘लावतो’. कानडीत ‘लाइट हाकु’ आणि तेलुगूत ‘लाइट वेय्यि’ म्हणतात. दोहोंतील क्रियापदाचा मूळ अर्थ ‘घाल’ किंवा ‘टाक’ असा आहे. या भाषांचा वक्ता तीच घडण मराठीत आणील, तर तो ‘लाइट घाल’ म्हणेल आणि त्याला दिवा लागावयास हवा असेल. उलटपक्षी दक्षिण महाराष्ट्रात व कोकणात कित्येक घरांत दिवा ‘घालवतात’, म्हणजे बंद करतात. ‘घाल’ आणि ‘घालव’ यांत केवळ एका ओष्ठ्य ध्वनीचे अंतर आहे आणि आज्ञा परस्परविरुद्ध आहेत! ही केवळ कल्पना नव्हे. सांगली जिल्ह्यातील एका गावाचा गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सर्वश्रुत आहे. शतकानुशतकांच्या सहवासाने तेथील मराठी, कानडी व उर्दू यांची वाक्यरचना इतकी एकरूप झाली की, शब्दामागे शब्द ठेवून एकीचे दुसरीत रूपांतर करता यावे. सोलापुरात या तिघींना तेलुगूचीही जोड आहे.

याखेरीज शिष्टाचाराचा भाग आहेच. जुन्या वळणाच्या घरात दिवा ‘विझवला’ असे म्हणणे अशुभ मानतात. तो मालवावा, शांत करावा किंवा त्याला निरोप द्यावा. आज्ञांची यादी करणाऱ्या अभियंत्याला ‘बंद कर’ पुरेसे वाटते. वृद्ध स्त्रीच्या तोंडी ते येईलच असे नाही. यंत्राला जागे करण्यासाठी प्रथम त्याचे नाव घ्यावे लागते, हीही गंमतच. नाव न घेता ‘अहो, ऐकलंत का’ एवढ्यावर संसार चालविलेल्या पिढीला हे नवे शिक्षण आहे. लेखनाची अडचण वेगळीच. ‘जरा’ हा शब्द ‘थोडे’ या अर्थी दंततालव्य ‘ज’ने आणि ‘वार्धक्य’ या अर्थी तालव्य ‘ज’ने उच्चारतात, नागरी लिपी हा भेद दाखवीत नाही. तेव्हा छापील मजकुरावरून उच्चारकोश तयार करणाऱ्यास बोलणाऱ्याकडे परत जावेच लागते.

बोलणाऱ्याकडे जाण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला आणि पुढे त्या कार्याला जोडून ध्वनिमुद्रिकाही तयार झाल्या. त्यांची रीत अशी की, बायबलातील उधळ्या पुत्राची एकच कथा प्रत्येक बोलीत सांगवून घ्यावी. तुलनेस ती सोयीची. पण भाषांतरित कथा सांगताना माणूस सावरून बोलतो. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणाचे ग्रंथ १९६३ पासून येऊ लागले. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-प्रकल्पात चित्रफिती दाखवून लोकांना बोलते केले गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. व्ही. एस. राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांतील वाक्‌-अभिज्ञानाचा पाया घातला होता. त्या परंपरेत पुढे, शेतमालाचे बाजारभाव दूरध्वनीवर विचारता यावेत म्हणून, महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची मराठी मुद्रित करण्यात आली. ज्याला यंत्र वापरावयाचे, त्याच्याच तोंडची भाषा जमवावी, हे तत्त्व येथे प्रथम नीट पाळले गेले, असे माझे मत आहे.

२०२२ च्या अखेरीस बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने ‘आर्टपार्क’ आणि गूगल यांच्यासह ‘वाणी’ हा प्रकल्प जाहीर केला. भाषा हा घटक न धरता जिल्हा हा घटक धरावा आणि चित्र दाखवून जो जे बोलेल ते मुद्रित करावे, ही त्याची पद्धती आहे. पहिल्या टप्प्यातील ८० जिल्ह्यांत सोलापूर आहे. भाषेऐवजी जिल्हा धरण्याचा हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे अक्कलकोटचा कानडी-मराठी मिश्रभाषी ‘अशुद्ध मराठी’ म्हणून चाळणीखाली जाण्याऐवजी सोलापूरचा वक्ता म्हणून साठ्यात येऊ शकतो.

तरीही एक गोष्ट अनिर्णित आहे. चित्रवर्णन हे आज्ञार्थी बोलणे नव्हे. चित्रातील दिव्याचे वर्णन करणारी बाई अंथरुणावरून अंधारात सुनेला ज्या स्वरात ‘तेवढा दिवा लाव गं’ म्हणते, तो स्वर, त्यातील ‘तेवढा’ आणि ‘गं’, कोणत्याही साठ्यात सहजासहजी येत नाहीत. पक्षाघाताने हात गेलेल्या आणि जीभ जड झालेल्या यंत्रमाग कामगाराचा आवाज तर त्याहून दुर्मिळ. ‘पॉसम’ घडले ते अशांसाठीच. विभागातील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी विषय हवा असेल, तर पूर्वभागातील दहा घरांत संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी बसावे आणि दिवा लावण्यास व मालवण्यास घरातील प्रत्येक माणूस कोणत्या भाषेत, कोणाला उद्देशून, कोणते शब्द वापरतो याची त्यांच्या संमतीने नोंद करावी. अशी यादी, माझ्या पाहण्यात तरी, अद्याप कोणी केलेली नाही.