नकार हेही एक उत्तरच

दूरच्या संगणकात प्रवेश करायला जावे आणि पडद्यावर 'कनेक्शन रिफ्यूज्ड', म्हणजे 'जोडणी नाकारली', अशी अक्षरे उमटावीत. बहुतेकांचा पहिला संशय पासवर्डवर जातो. प्रत्यक्षात पासवर्ड विचारण्याची वेळ अजून आलेलीच नसते. मग नकार दिला कोणी? याचे उत्तर इतिहासात सापडते.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी सुमारे ५०० किलोमीटरवरील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात शिरण्याचा प्रयत्न करत होता. पलीकडे बिल ड्युव्हाल होते. संगणक जोडलेले असले तरी दोघांनी टेलिफोनही कानाला लावला होता. 'एल' पोहोचला, 'ओ' पोहोचला. पुढच्या अक्षराला पलीकडची यंत्रणा कोसळली. दोष शोधून सुमारे तासाभराने प्रवेश मिळाला. प्रत्येक अक्षरानंतर "पोहोचले का?" असे विचारल्यामुळे अडचण नेमकी कुठे आहे ते लगेच कळले.

पण दर वेळी टेलिफोनवर माणूस कोठून आणायचा? हे काम पुढे नियमांनी केले. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीसीपी या नियमावलीत संगणकाच्या प्रत्येक सेवेला दारासारखा एक क्रमांक असतो. ज्या दाराशी कोणताही प्रोग्रॅम ऐकत बसलेला नाही तेथे विनंती आली, तर संगणकाने गप्प न राहता 'रीसेट' हा संदेश परत पाठवावा, असे त्यात ठरले. 'जोडणी नाकारली' हे त्याच संदेशाचे आपल्याला दिसणारे रूप.

आपल्याकडे या साखळीत टेलिफोनची आणखी एक कडी होती. १९८६च्या सुमारास सुरू झालेल्या 'अर्नेट' प्रकल्पात मुंबईतील जुहूची एनसीएसटी ही संस्था व पवईची आयआयटी सहभागी होत्या. सुरुवातीला त्यांचे संगणक साध्या टेलिफोनवरूनच निरोपांची देवघेव करत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वांसाठी इंटरनेट खुले केले, तेही टेलिफोनवरून. लाइन 'एंगेज' लागली, तर आपण रस्त्यालाही लागलेलो नसू. मग दाराची गोष्ट दूरच.

त्याच वर्षी फिनलंडमध्ये दाराचे कुलूप बदलले. तोवर प्रचलित असलेल्या 'टेलनेट' पद्धतीत पासवर्ड उघडा प्रवास करी. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी सर्व मजकूर सांकेतिक करून पाठवणारी 'एसएसएच' पद्धत तयार केली. टेलनेटचे दार २३ क्रमांकाचे, एसएसएचला शेजारचे २२ मिळाले. पुढे अनेक ठिकाणी २३ क्रमांकाचे दार बंद झाले. तेथे आज कोणी टेलनेटने गेले, तर नकार मिळणे हे बिघाडाचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण असते.

आता समजा, मुळशीतील कोळवणच्या शाळेतून पुण्यातील एका सर्व्हरमध्ये शिरायचे आहे. बराच वेळ उत्तरच आले नाही, तर रस्ता तपासावा: जोडणी चालू आहे का, पत्ता बरोबर आहे का, वाटेतील 'फायरवॉल' निरोप गिळून टाकते आहे का. चटकन नकार आला, तर रस्ता बहुधा ठीक आहे. अशा वेळी एसएसएचचा प्रोग्रॅम पलीकडे चालू आहे का आणि तो २२ ऐवजी दुसऱ्या दाराशी बसवला आहे का, हे पाहावे. पत्ता चुकून भलत्याच संगणकाचा दिला गेला असेल किंवा नकार फायरवॉलने दिला असेल, हेही ध्यानात ठेवावे. आणि 'परवानगी नाही' असे उत्तर आले, तर मात्र दाराशी कोणीतरी आहे. नाव, पासवर्ड किंवा किल्ली तपासण्याची वेळ आता आली.

वर्गात हे तिन्ही प्रकार मुलांकडून घडवून पाहता येतील. प्रयोगशाळेतील आपल्याच दोन संगणकांपैकी एकाची तार काढावी. ती पुन्हा जोडून फक्त एसएसएचचा प्रोग्रॅम बंद करावा. शेवटी तो चालू करून पासवर्ड चुकीचा द्यावा. प्रत्येक वेळी पडद्यावर काय आले व किती वेळाने आले, याची नोंद मुलांनी ठेवावी. शांतता आणि नकार यांत फरक करता आला, की निम्मा शोध पूर्ण होतो.