अकेडियन किनारी मार्ग

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील पर्यटनमार्ग. उत्तरेकडील कॅम्बेल्टनच्या परिसरातून शालर उपसागर, सेंट लॉरेन्सचे आखात व नॉर्थम्बरलंडची सामुद्रधुनी यांच्या कडेने तो नोव्हा स्कोशियाच्या सीमेजवळ पोहोचतो. यासाठी नवा रस्ता बांधला नाही. असलेलेच प्रांतिक रस्ते जोडून त्यांवर तारामाशाचे चिन्ह असलेल्या पाट्या लावल्या. ११ क्रमांकाचा वेगवान महामार्ग बरीच गावे टाळतो. गावे पाहायची, तर जुन्या १३४ क्रमांकाच्या रस्त्याला लागावे.

अकेडियन म्हणजे सतराव्या शतकात फ्रान्सहून येऊन आजच्या नोव्हा स्कोशिया भागात बांध घालून खाजणे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे वंशज. १७५५ ते १७६३ या काळात ब्रिटिशांनी त्यांना हद्दपार केले. परतलेल्यांच्या सुपीक जमिनी तोवर दुसऱ्यांच्या झाल्या होत्या. त्यामुळे अनेकांनी या किनाऱ्यावर बस्तान बसवले व मासेमारी पत्करली. आज निसर्गरम्य म्हणून मिरवणारा हा किनारा मुळात नाइलाजाने निवडलेला आहे.

कॅराकेटजवळचे ऐतिहासिक अकेडियन ग्राम १९७७ मध्ये सुरू झाले. ठिकठिकाणची जुनी घरे उचलून तेथे मांडली आहेत आणि त्या-त्या काळाच्या पोशाखातील माणसे चुलीवर रांधताना, लोहारकाम करताना दिसतात. कॅराकेटमध्येच १५ ऑगस्टला, अकेडियन राष्ट्रीय दिनी, ‘टिन्टामार’ निघतो. पातेली, झाकणे, भोंगे, हाती लागेल ते वाजवत, पिवळा तारा असलेला तिरंगी ध्वज चेहऱ्यावर रंगवून लोक रस्त्यावर उतरतात. ‘आम्ही अजून आहोत’ हा त्या गोंगाटाचा अर्थ. बुक्टूशला आंतोनिन माये यांच्या ‘ला सागुइन’ या नाट्यकृतीतील जग १९९२ पासून एका बेटावर उभे आहे. फरशा पुसणाऱ्या बाईच्या व्यक्तिरेखेवर एवढे पर्यटन क्वचितच कुठे चालत असेल. शेडियाकचा शेवंडाचा (लॉब्स्टरचा) अवाढव्य पुतळा मात्र फोटोपुरता.

कूशीबूगवाक राष्ट्रीय उद्यान याच मार्गावर आहे. १९६९ मध्ये ठरलेल्या या उद्यानासाठी दोनशेहून अधिक, बहुतांश अकेडियन कुटुंबांना उठवले गेले. त्यावरील दीर्घ संघर्षानंतर कॅनडाने राष्ट्रीय उद्यानांसाठी सक्तीने घरे घेण्याचे धोरण सोडले. पाट्यांवरील संस्कृतीइतकाच हा इतिहासही प्रवाशाने जाणून घ्यावा.

हंगाम जेमतेम जून ते सप्टेंबर. त्यानंतर रस्ता खुला असतो, पण ऐतिहासिक ग्रामासारखी मुख्य आकर्षणे बहुतेक बंद असतात.