चारठाण्यातला फोन ‘कोलकाता’ का दाखवतो?

परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यात बसून फोनचा टाइम झोन तपासा. बऱ्याच फोनमध्ये ‘कोलकाता’ दिसेल. हे नाव ‘टाइम झोन डेटाबेस’मधून येतं. तो मुळात साध्या मजकुराच्या फाइल्सचा संच आहे. झोनला साधारणपणे त्यातल्या मोठ्या शहराचं नाव देतात.

फॉरमॅट कसा असतो?
नोंदीत पाच रकाने: नाव, ग्रीनिचपासूनचा फरक, जादा वेळ, संक्षेप आणि ‘कधीपर्यंत’. नाव फक्त पहिल्या ओळीत येतं. ‘#’नंतरचा मजकूर कॉम्प्युटर सोडून देतो. भारताच्या नोंदीतली एक ओळ मराठीत लिहिली तर अशी:

५:३० १:०० +०६३० १९४५ ऑक्टोबर १५

म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळं तासभर पुढे होती. शेवटच्या ओळीत ‘कधीपर्यंत’ नसतं, कारण ती वेळ आजही चालू आहे.

पत्रिका काढताय?
मुंबईत १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई वेळ’ही वापरात होती. तिचा वेगळा झोन नाही, कारण १९७० नंतरही वेळ वेगळी असेल तरच स्वतंत्र झोन मिळतो. त्यामुळे मुंबईत जन्मलेल्या आजोबांची जन्मवेळ ॲपमध्ये टाकण्याआधी ती कोणत्या घड्याळाची, हे घरात विचारून घ्या.