दुष्काळ, स्थलांतर आणि कुमारवयातील रक्तदाब : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

कुमारवयातील रक्तदाब हा केवळ वैद्यकाचा विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बीड जिल्ह्यापुरते तरी त्यास इतिहासाचेही अंग आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये इटलीत मांडली. १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी तीस श्रवणाची जोड दिली. वय, उंची, वजन, आनुवंश व आहारातील मीठ यांचा मुलांच्या रक्तदाबाशी असलेला संबंध पुढे स्पष्ट झाला. यांत आणखी एका कारणाची भर इंग्लंडातील डेव्हिड बार्कर यांनी घातली : गर्भावस्थेतील उपासमार. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी आठ वर्षांची ४७७ मुले तपासून १९९९ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते येथे महत्त्वाचे आहेत. सध्याचे वजन सारखे धरल्यास, जन्मतः कमी वजनाच्या मुलांत हृदयाच्या आकुंचनसमयीचा रक्तदाब अधिक आढळला.

आता बीडकडे वळू. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा जिल्हा. १९७२ च्या दुष्काळात येथील स्त्रियांनी खडी फोडून संसार सावरले. आजही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी ‘कोयते’, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. गरोदरपणीही मोळ्या डोक्यावरून उतरत नाहीत. जोडीने काम मिळते, म्हणून मुलींची लग्नेही लवकर होतात. अल्पवयीन, अशक्त मातेचे मूल कमी वजनाचे होण्याचा संभव अधिक. अशा रीतीने एका पिढीचा दुष्काळ पुढील पिढीच्या देहात उतरू शकतो.

मात्र यावरून प्रत्येक कृश मुलास रक्तदाब जडेल, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. जन्मतः लहान व पुढे स्थूल झालेल्या मुलांसच एकंदर धोका अधिक, असे पुण्याच्या अभ्यासात दिसले. म्हणून उपाय अन्न कमी करण्यात नाही. तो मातेच्या पोषणात आणि मुलांच्या आहारातील मीठ व चरबी आवरण्यात आहे.

अंबाजोगाईस १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. शालेय तपासणीत रक्तदाबाच्या आकड्याशेजारी उंची, जन्मवजन, प्रसूतिसमयीचे मातेचे वय व तिचे स्थलांतर यांची नोंद झाली, तर वैद्यकास निदानाचे व इतिहासकारास अभ्यासाचे एक विश्वसनीय साधन लाभेल.