उन्हाळ्यात सुगंधी तेल भेट देताय? बाटलीत काय आहे ते आधी बघा

चैत्र लागला की आपल्याकडं सुगंधाच्या वस्तूंची मागणी वाढते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हाताला अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. अखजीला पाण्यानं भरलेली घागर दान देतात, काही घरी त्यात वाळा टाकतात. मग लग्नं सुरू होतात. यात आता भर पडली आहे ती मोबाईलवर दिसणाऱ्या 'अरोमाथेरपी गिफ्ट बॉक्स'ची. सहा छोट्या बाटल्या, लव्हेंडर, गुलाब, चंदन, पुदिना, निलगिरी, संत्रा, आणि वर लिहिलेलं '१०० टक्के शुद्ध'. तीन-चारशे रुपयांत सगळं घरपोच. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रसच्या बाजारातही अशा बाटल्या मिळतात.

भेट म्हणून वस्तू वाईट नाही. पण यातल्या काही बाटल्या लहान लेकरांच्या घरात धोक्याच्या आहेत, आणि काही बाटल्यांत नाव लिहिलेल्या झाडाचा थेंबही नसतो.

एकाच नावाखाली तीन वस्तू

पहिली वस्तू म्हणजे एसेन्शियल ऑइल. फूल, पान, गवत किंवा मूळ वाफेवर शिजवून त्यातला सुगंधी अंश वेगळा काढतात, तो हा. (संत्रा, लिंबाचं तेल मात्र बहुतेक वेळा साल दाबून काढतात.) दुसरी वस्तू अत्तर. उत्तर प्रदेशातलं कन्नौज यासाठी प्रसिद्ध. तिथं फुलांची वाफ चंदनाच्या तेलात मुरवायची जुनी पद्धत आहे. आता चंदन महागल्यामुळं स्वस्त अत्तरात दुसरंच तेल असतं. तिसरी वस्तू फ्रॅग्रन्स ऑइल, म्हणजे कारखान्यात तयार केलेला वास. तो अगरबत्तीत, मेणबत्तीत, फिनाईलमध्ये चालतो. वापर त्याच कामापुरता असेल तर त्यात गैर काही नाही. गैर हे, की तिसरी वस्तू पहिलीच्या नावानं विकली जाते.

ओळखायचं कसं? सगळ्यात सोपा हिशेब किमतीचा. गुलाबाचं एक किलो तेल काढायला साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात. म्हणजे दहा मिलीच्या एका बाटलीमागं ३५-४० किलो फुलं. आता फुलाचा भाव तुम्हीच लावा. शंभर रुपयांच्या बाटलीत गुलाबाचं शुद्ध तेल असू शकत नाही. चंदनाचंही तेच. निलगिरी, गवती चहा, संत्रा ही तेलं मात्र मुळातच स्वस्त असतात, तिथं कमी किंमत पाहून लगेच शंका घेऊ नये.

गुलाबाचा वास, आणि गवत आपल्या रानातलं

गुलाबाच्या तेलात भेसळ ही आजची गोष्ट नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती भेसळ ज्या गवताच्या तेलानं व्हायची, ते गवत आपल्याच रानात उगवतं. तिखाडी. कुणी रोशा गवत म्हणतं, संस्कृतात रोहिष. सागाच्या विरळ रानात, मुरमाड उतारावर पावसाळ्यात वाढतं, दसऱ्याच्या सुमारास तुऱ्यावर येतं. पान चुरगाळून नाकाशी धरा, वास लगेच कळतो. त्यात जिरॅनिऑल नावाचं द्रव्य भरपूर असतं, चांगल्या तेलात तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त. गुलाबाच्या वासातही हेच द्रव्य मोठा भाग असतं. म्हणून हा वास गुलाबासारखा.

खानदेशात पिंपळनेर-नंदुरबारकडं, निमाडात, बैतूलकडं आणि वऱ्हाडच्या डोंगरात या गवताच्या भट्ट्या लागायच्या. पद्धत साधी होती. नाल्याकाठी चूल, तिच्यावर मोठी देग, देगीत पाणी आणि दाबून भरलेलं गवत. झाकणाला बांबूची नळी, नळीचं दुसरं टोक नाल्याच्या थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. वाफ तिथं येऊन पाणी व्हायची आणि वर तेलाचा तवंग यायचा. तो काढून घ्यायचा. एक क्विंटल गवतातून तेल निघायचं अर्धा किलोच्या आत-बाहेर. हे तेल मुंबईला जायचं, तिथून जहाजानं तांबड्या समुद्राकडच्या बंदरांत, पुढं तुर्कस्तानात, आणि तिथं बल्गेरियाच्या गुलाबतेलात मिसळलं जायचं. युरोपात त्याला 'तुर्की जिरॅनियम तेल' म्हणत, कारण माल तुर्कांकडून यायचा. गवत कुठलं, हे घेणाऱ्याला माहीतच नसायचं.

आज व्यापारात याचं नाव पामारोझा. बाटलीवर हे नाव दिसलं तर ओळखा, हे आपल्या तिखाडीचं तेल. तिच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळजवळ सारख्या, वासानं वेगळ्या. मोतियाचं तेल महाग, साबण-अत्तरात जातं. सोफियाचं हलकं, त्याला बाजारात जिंजरग्रास म्हणतात. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनाय. त्यातला 'मार्टिन' म्हणजे लखनौचा जनरल क्लॉड मार्टिन, ज्याच्या नावाची शाळा तिथं अजून आहे.

गुलाबाच्या नावाची खोटी बाटली देण्यापेक्षा पामारोझाची खरी बाटली द्यावी, असं आमचं मत. वास जवळचा, किंमत आवाक्यातली, आणि सांगायला गोष्टही आपल्या मुलखाची.

द्यायचं तर काय द्यावं

उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहिला मान वाळ्याचा. बाटलीची गरजच नाही. जडीबुटीच्या दुकानातून वाळ्याच्या मुळ्यांची जुडी घ्या, दोन-तीन पाण्यांत माती जाईपर्यंत धुवा, सुती दोऱ्यानं बांधा आणि नव्या माठासोबत द्या. माठात टाकलेली जुडी दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात खडखडीत वाळवायची, मग पुन्हा वापरायची. बुळबुळीत झाली की फेकायची. चांगला वाळा मातकट-पिवळा असतो, ओला केला की पहिल्या पावसासारखा वास देतो. पाण्याला रंग सुटला किंवा वास सेंटसारखा भपकन आला तर तो पाण्यात टाकू नका. सरबताच्या बाटलीतला हिरवा रंगही मुळीचा नसतो, तो खाण्याचा रंग असतो.

वाळ्याची ताटी ही दुसरी भेट, जरा मोठी. खिडकीला बांधून पाणी मारलं की आतली हवा गार होते. आपल्या जिल्ह्यातला उन्हाळा कोरडा, म्हणून हे जमतं. कोकणच्या दमट हवेत इतका गारवा येणार नाही. कूलरला वाळ्याच्या जाळ्या लावतात ते याच कारणानं.

तेलच द्यायचं असेल तर सहा बाटल्यांऐवजी एक चांगली द्या. सोबत डिफ्युझर देऊ नका. गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि ते यंत्र महिनाभरात कोनाड्यात जातं. कुंभाराकडची साधी पणती पुरते. कोरड्या पणतीत दोन-तीन थेंब टाकले की माती ते शोषून घेते आणि खोलीत हळूहळू वास सोडते. दिवा लावायचा नाही, ही तेलं पेट घेतात.

अंगाला लावायचं असेल तर नुसतं कधीच लावू नये. दहा मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे खोबरेल किंवा तिळाच्या तेलात चार थेंब, याहून जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. खाज, लाली आली तर ते तेल त्या माणसासाठी नाही. गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायला देऊ नका.

लिंबाच्या तेलाची गोष्ट वेगळी. साल दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, काळे डाग महिनोन्महिने राहतात. चैत्र-वैशाखात शेतात जाणाऱ्या माणसाला ही भेट देऊच नये.

थंड वाटणं वेगळं, थंड होणं वेगळं

पुदिन्याचं तेल, 'ठंडा तेल', कापूर-मेंथॉलची मलम या वस्तू उन्हाळ्यात खूप खपतात. लावलं की गार वाटतं. पण मेंथॉल फक्त कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतं. अंगातली उष्णता त्यानं उतरत नाही. कामावरून दमून आलेल्या माणसानं डोक्याला लावलं, बरं वाटलं, ठीक आहे. मात्र ऊन लागलेल्या माणसाला तेल चोळत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

अंग तापलेलं, माणूस बरळतो, तोल जातो किंवा शुद्ध हरपली, ही उष्माघाताची लक्षणं. पारा ४४-४५ ला जातो तेव्हा हे कुणालाही होऊ शकतं. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काखेत-जांघेत ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. अत्तर, कांदा, पुदिना यांतलं काहीही इथं उपयोगाचं नाही.

दुसरा धोका लेकरांचा. निलगिरीचं तेल सर्दीसाठी घरोघरी असतं. लहान मुलानं ते चमचाभर प्यालं तरी गुंगी येते, झटके येऊ शकतात. कापराचंही तसंच, वडी खाल्ली तरी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या नाकाजवळ, छातीवर मेंथॉल-कापराचं काही लावू नका, त्याचा श्वास अडखळू शकतो. गळ्यात कापराची पोटली बांधतात, ती बाळ तोंडात घालतं हे विसरू नका. मुलानं तेल प्यालंच तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात जातं. बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा, म्हणजे काय प्यालं ते डॉक्टरांना कळतं.

म्हणून घरात रांगतं बाळ असेल तिथं सहा बाटल्यांचा खोका देणं टाळा. वाळा द्या.

मच्छरांसाठी सिट्रोनेलाचं तेल देतात. वास चांगला, पण त्याचा पहारा तासाभराचा. मच्छरदाणीची जागा ते घेणार नाही.

लेबल आणि घरची परीक्षा

लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव, कोणत्या भागाचं तेल, बॅच नंबर, तयार केल्याचा महिना-वर्ष, एमआरपी आणि बनवणाऱ्याचा किंवा पॅक करणाऱ्याचा पूर्ण पत्ता असावा. नुसतं 'अरोमा ऑइल', 'परफ्यूम ऑइल' लिहिलं असेल तर ती तिसरी वस्तू समजा. बाटली गडद काचेची हवी. प्लॅस्टिकच्या बाटलीत शुद्ध तेल कुणी शहाणा माणूस भरत नाही. संत्र्याचं तेल तर थर्माकोलही विरघळवतं.

घरी एक परीक्षा करता येते. कोऱ्या कागदावर एक थेंब टाका. निलगिरी, संत्रा, गवती चहा असं पातळ तेल काही तासांत उडून जातं. तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात खाण्याचं किंवा दुसरं जड तेल मिसळलेलं आहे. वाळा आणि चंदनाला ही परीक्षा लावू नका, ती तेलं मुळातच दाट आणि उडायला मंद. कारखान्यातलं द्रव्य घातलेलं आहे की नाही, हे मात्र कागदावर कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. फसवणूक झाली तर पावती आणि बाटली जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

बाटली आणली की अंधाऱ्या, गार जागी ठेवा. गाडीच्या डिक्कीत, पत्र्याच्या खोलीत, चुलीजवळ नको. संत्रा-लिंबाचं तेल वर्षभरात खराब होतं आणि मग कातडीला जास्त चावतं. वाळ्याचं तेल जुनं झालं की उलट खुलतं.

लावायचा विचार असेल तर

हे वाचून कुणाच्या डोक्यात तिखाडी किंवा गवती चहाची शेती येईल. रोही आणि रानडुक्कर या गवतांच्या वाटेला सहसा जात नाहीत, ही मोठी सोय. लखनौची सीमॅप ही सरकारी संस्था सुगंधी पिकांवर काम करते, २०१७ पासून अरोमा मिशन सुरू आहे, पामारोझाची 'तृष्णा' जात त्यांचीच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, तिथं किंवा जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. रोपं विकून 'तेल आम्हीच घेऊ' म्हणणाऱ्याला आधी विचारा, भट्टी कुठं आहे. गवत अवजड, तेल मूठभर. भट्टी जवळ नसेल तर वाहतुकीतच पैसे संपतात. रानातली तिखाडी कापायची तर ग्रामसभा आणि वनविभागाकडं आधी चौकशी करा. टिपेश्वर अभयारण्यातून तर गवताची काडीही आणता येत नाही.