रॉस्को आर्बकल: निकाल आणि मनाई

रॉस्को आर्बकल या अमेरिकन विनोदी नटाबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, 1921च्या सप्टेंबरात एका हॉटेलातल्या मेजवानीत त्याने एका तरुण अभिनेत्रीचा जीव घेतला. दुसरी, कोर्टाने त्याची कारकीर्द संपवली. कागदपत्रे समोर ठेवली की दोन्ही गोष्टी गळून पडतात. कोर्टाने त्याला निर्दोष सोडले होते. त्याची कारकीर्द मोडली ती निकालानंतर, आणि मोडणाऱ्यांचा गुन्ह्याच्या तपासाशी काही संबंध नव्हता.

त्याच्या आयुष्याची साधने चार प्रकारची आहेत: त्या काळची वृत्तपत्रे, न्यायालयातल्या साक्षी, सहकाऱ्यांच्या आठवणी आणि उरलेले चित्रपट. यांपैकी वृत्तपत्रे सर्वांत विपुल आणि सर्वांत कमी भरवशाची. आठवणी बहुतेक घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या. साक्षींना शपथेची आणि उलटतपासणीची चाळणी लागलेली असते, म्हणून वादाच्या ठिकाणी त्यांना झुकते माप द्यावे लागते. नट म्हणून तो कसा होता, या प्रश्नाला मात्र चित्रपटांइतका चांगला साक्षीदार नाही.

जन्म 24 मार्च 1887, कॅन्सस राज्यातल्या स्मिथ सेंटर या गावी. तो तान्हा असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात सँटा अ‍ॅना येथे गेले. वडिलांचे नाव विल्यम गुडरिच आर्बकल. हे नाव पुढे कामाला येणार आहे. जन्मतःच त्याचे वजन अफाट होते असे सगळेच लिहितात, पण आकडा प्रत्येकाचा वेगळा, तेव्हा तो बाजूला ठेवलेला बरा. आई लहानपणीच गेली. पोरगा गाण्याच्या आणि नाचाच्या जोरावर रंगमंचाकडे वळला. 1908मध्ये मिंटा डर्फी या अभिनेत्रीशी त्याचे लग्न झाले, आणि 1909पासून त्याचे नाव सेलिग कंपनीच्या छोट्या चित्रपटांत दिसू लागते.

1913मध्ये तो मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत दाखल झाला. धावपळ, धडपड आणि पोलिसांच्या पाठलागांचा हा कारखाना होता. तिथे मेबल नॉर्मंडबरोबर त्याची जोडी जमली आणि ‘फॅटी’ हे नाव चित्रपटांच्या शीर्षकांतच जाऊन बसले. ते त्याला मुळीच आवडत नसे. मित्र त्याला रॉस्कोच म्हणत. चित्रपटात तोंडावर ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ फेकून मारण्याचा पहिला प्रसंग याच जोडीच्या 1913च्या ‘अ नॉइज फ्रॉम द डीप’मधला, असे अनेक ठिकाणी छापून येते. पण 1909च्या ‘मिस्टर फ्लिप’मध्ये बेन टर्पिनच्या तोंडावर हा पदार्थ आधीच बसलेला आहे. मान पहिलेपणाचा नाही. ती युक्ती रुळवण्यात कीस्टोनचा वाटा मोठा, एवढेच म्हणता येते.

‘द राउंडर्स’ (1914) या चित्रपटात आर्बकल आणि चार्ली चॅप्लिन हे दोन झिंगलेले नवरे झाले आहेत. चॅप्लिन तेव्हा या धंद्यात पहिल्याच वर्षात होता. पडद्यावर दोघे बरोबरीने वावरतात आणि जड देहाचा आर्बकल चपळाईत कुठेच मागे पडत नाही. त्याच्या विनोदाचे मर्म इथे आहे. जाड माणूस खुर्चीत अडकला, दारात अडकला, असल्या स्वस्त हशावर त्याची भिस्त नव्हती. एवढा मोठा देह इतका हलका कसा, या आश्चर्यावर तो प्रेक्षकाला हसवत असे.

1917मध्ये निर्माता जोसेफ शेंकने त्याच्यासाठी ‘कॉमीक’ ही कंपनी काढली. आता लेखन आणि दिग्दर्शन आर्बकलच्याच हातात होते, आणि वितरण पॅरामाउंटकडे. एप्रिलमध्ये आलेल्या ‘द बुचर बॉय’ या दोन रिळांच्या चित्रपटात एक सडसडीत तरुण काकवी विकत घ्यायला दुकानात येतो. आधी टोपी चिकटते, मग पाय. हा बस्टर कीटन, आणि हे त्याचे पडद्यावरचे पहिले काम. चित्रण कसे होते, कॅमेऱ्यासमोर हशा कसा रचायचा, हे आपण आर्बकलकडून शिकलो, असे कीटन पुढे आयुष्यभर सांगत राहिला. आठवणींवर सहसा सावधपणे विसंबावे. पण या आठवणीला चित्रपटांचाच आधार आहे. दोघांनी 1920पर्यंत केलेले चित्रपट क्रमाने पाहिले, तर कीटनला मिळणारी जागा चित्रपटागणिक वाढत गेलेली दिसते. उमेदवाराला पुढे येऊ देणारा उस्ताद या धंद्यात विरळा.

आर्बकलची कल्पकताही पडद्यावर नोंदलेली आहे. ‘द रफ हाउस’ (1917) मध्ये तो दोन पावांत काटे खोचून त्यांना चिमुकल्या पायांसारखे नाचवतो. जगाला हा नाच आठवतो तो चॅप्लिनच्या ‘द गोल्ड रश’मधला; पण तो चित्रपट 1925चा. ‘कोनी आयलंड’ (1917) मध्ये कपडे बदलताना आर्बकल थेट कॅमेऱ्याकडे पाहतो आणि कॅमेरा जरा वर घे असे खुणावतो. कॅमेरा मुकाट्याने वर सरकतो. प्रेक्षकाला कटात सामील करून घेण्याची ही रीत तेव्हा नवी होती.

1920पासून तो पॅरामाउंटच्या लांब चित्रपटांकडे गेला. ‘द राउंड-अप’, ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’, ‘गॅसोलीन गस’ असे चित्रपट झपाट्याने निघाले. त्याचा करार वर्षाला 10 लाख डॉलरचा असल्याची जाहिरात झाली. स्टुडिओच्या प्रसिद्धीतला आकडा जसाच्या तसा धरू नये, पण त्या काळच्या सर्वांत महागड्या नटांत तो होता यात शंका नाही.

5 सप्टेंबर 1921, कामगार दिनाची सुट्टी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सेंट फ्रान्सिस हॉटेलात बाराव्या मजल्यावर, 1219 ते 1221 या खोल्यांत आर्बकल आणि त्याचे दोन मित्र उतरले होते. देशात दारूबंदी असूनही खोलीत दारू होती. पाहुण्यांत व्हर्जिनिया रॅप ही अभिनेत्री होती. दुपारी ती 1219 क्रमांकाच्या खोलीत वेदनांनी तळमळताना सर्वांनी पाहिली. 9 सप्टेंबरला इस्पितळात तिचा मृत्यू झाला. मूत्राशय फुटून पोटात संसर्ग पसरला होता. त्यानंतर कॉरोनरच्या परवानगीवाचून शवचिकित्सा उरकली गेली, त्यामुळे वैद्यकीय पुरावा मुळापासून वादात सापडला.

तक्रार केली होती मेजवानीला आलेल्या मॉड डेलमाँट हिने. तिच्या कथनावर वृत्तपत्रांनी मथळे रचले, आर्बकलला अटक झाली, आरोप खुनाचा लागला. पण सरकारी वकील मॅथ्यू ब्रेडी याने या मुख्य फिर्यादी बाईला एकाही खटल्यात साक्षीसाठी उभे केले नाही. तिची जबानी उलटतपासणीत टिकणार नाही, हे त्याला दिसत असणार. दुसरे पटण्याजोगे कारण सापडत नाही. प्राथमिक सुनावणीनंतर आरोप सदोष मनुष्यवधापर्यंत खाली आला. बाटलीने केलेल्या अत्याचाराची जी किळसवाणी कथा आजही सांगितली जाते, ती सरकारी पक्षाने कोर्टात कधी मांडलीच नाही. केनेथ अँगरच्या ‘हॉलीवूड बॅबिलॉन’सारख्या पुस्तकांनी पुढच्या पिढ्यांपर्यंत असल्या अफवा पोहोचवल्या.

खटले तीन झाले. पहिल्यात आर्बकल स्वतः साक्षीला उभा राहिला. आपण खोलीत गेलो तेव्हा रॅप न्हाणीघरात आजारी होऊन पडली होती आणि आपण तिला उचलून पलंगावर ठेवले, असे त्याने सांगितले. 4 डिसेंबर 1921ला ज्यूरी एकमत न होताच बरखास्त झाली. बारांपैकी दहा जण सुटकेच्या बाजूचे होते. दुसऱ्या खटल्यात बचाव पक्ष फाजील निर्धास्त राहिला. आर्बकलला साक्षीला बोलावले नाही आणि अखेरचे भाषणही केले नाही. 3 फेब्रुवारी 1922ला ज्यूरी पुन्हा फुटली. या वेळी बहुमत शिक्षेच्या बाजूने होते. त्याच दोन-तीन दिवसांत लॉस एंजेलिसमध्ये हॉलीवूडचा दिग्दर्शक विल्यम डेझमंड टेलर याचा खून झाला. चित्रपटसृष्टी म्हणजे पापाचा अड्डा, असे म्हणणाऱ्यांना आणखी जोर चढला.

तिसऱ्या खटल्यात बचाव पक्षाने काहीच सोडले नाही. 12 एप्रिल 1922ला ज्यूरी आत गेली आणि काही मिनिटांतच बाहेर आली. त्यातलाही बराच वेळ एक निवेदन लिहिण्यात गेला होता. नुसती सुटका आर्बकलला पुरेशी नाही, त्याच्यावर मोठा अन्याय झाला आहे, आणि गुन्ह्याशी त्याचा संबंध जोडणारा तिळमात्र पुरावा पुढे आला नाही, असा त्याचा आशय होता. ज्यूरीने आरोपीची अशी बाजू घेणे फार दुर्मीळ. सिद्ध झालेला गुन्हा एकच: दारूबंदी मोडल्याचा, दंड 500 डॉलर. या निकालापाशीही एक भान ठेवावे लागते. व्हर्जिनिया रॅपची बाजू सांगायला ती स्वतः नव्हती, आणि बचाव पक्षाने तिच्या आजारपणाबरोबर तिच्या पूर्वायुष्याचीही चिरफाड केली. आर्बकलची निर्दोषता मान्य करण्यासाठी तिची बदनामी मान्य करायची गरज नाही.

सहा दिवसांनी, 18 एप्रिलला दुसरा कागद निघाला. तो विल हेज याच्या सहीचा. हेज हा आधी देशाचा पोस्टमास्टर जनरल; मार्चपासून तो निर्मात्या-वितरकांच्या नव्या संघटनेचा प्रमुख झाला होता. निवेदन नीट वाचण्यासारखे आहे. पॅरामाउंटचे प्रमुख झुकर व लॅस्की आणि शेंकच्या वतीने आलेला प्रतिनिधी यांच्याशी बोलून, ‘माझ्या विनंतीवरून’ आर्बकलच्या चित्रपटांचे सर्व खेळ आणि बुकिंग रद्द झाले आहेत, असे तो सांगतो. जवळजवळ 10,000 करार हातात असताना कंपनीने हे केले, हेही आवर्जून नमूद करतो. त्यात खटल्याची चिकित्सा नाही, पुराव्याचा उल्लेख नाही. करारांचा आकडा तेवढा आहे, कारण तो त्यागाचे प्रमाण म्हणून दाखवायचा होता.

दाखवायचा कोणाला? 1915मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले होते. राज्याराज्यांत सेन्सॉर मंडळे होती, 1921मध्ये न्यूयॉर्कचीही भर पडली, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 1922च्या नोव्हेंबरात याच प्रश्नावर मतदान व्हायचे होते. आम्ही आमचे घर स्वतः झाडतो, बाहेरचा सेन्सॉर नको, हे सिद्ध करण्यासाठी धंद्याला कोणाला तरी बळी द्यायचे होते. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी सेन्सॉर फेटाळला आणि डिसेंबरात हेजने मनाई उठवली. हा क्रम पाहता मनाईचे कारण सेंट फ्रान्सिस हॉटेलात शोधण्यापेक्षा विधिमंडळांच्या दारात शोधावे, असे मला वाटते. मनाई उठल्यावर शहरे आणि महिला संघटना विरोधात उभ्या राहिल्या. तयार असलेला ‘लीप इयर’ अमेरिकेत प्रदर्शित झालाच नाही.

पुढची दहा वर्षे तो ‘विल्यम गुडरिच’ या नावाने दिग्दर्शन करत राहिला. हे नाव कीटनने कोटी करून सुचवले, असा किस्सा आहे. वडिलांचे नाव पाहिले की कोटीची गरज उरत नाही. या नावाखाली बरेच लघुपट निघाले, आणि 1927मध्ये मॅरियन डेव्हिसचा ‘द रेड मिल’ही. डेव्हिस ही विल्यम रँडॉल्फ हर्स्टची सहचारिणी आणि चित्रपट त्याच्याच कंपनीचा. ज्याच्या वृत्तपत्रांनी आर्बकलला महिनोन्महिने मथळ्यांत झोडपले, त्याच मालकाने त्याला कॅमेऱ्यामागे काम दिले. त्याला काम मिळतच नव्हते, ही समजूत यामुळे खोटी ठरते. काम होते, त्यावर नाव लावायची मुभा नव्हती.

1932मध्ये वॉर्नरच्या व्हायटाफोन शाखेने त्याला पुन्हा स्वतःच्या नावाने पडद्यावर आणले. ‘हे, पॉप!’पासून सहा बोलके लघुपट झाले. शेवटच्याचे काम संपले आणि 29 जून 1933च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या हॉटेलात झोपेतच त्याचा अंत झाला. वय 46. पण त्या सहा लघुपटांना ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली नाही. ब्रिटिश सेन्सॉरने कारण दिले ते 1921च्या प्रकरणाचे. निकालाला तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती.

त्याचे हरवलेले काही चित्रपट पुढे सापडत गेले. ‘द कुक’ (1918) हरवला असे धरले जात होते. त्याची प्रत 1998मध्ये नॉर्वेत मिळाली आणि पुढे नेदरलँड्समध्ये आणखी काही भाग हाती लागला. त्यात आर्बकल स्वयंपाकघरातली भांडी अंगावर चढवून एका गंभीर नृत्याची फर्मास नक्कल करतो. इतिहासकाराला एवढे नक्की म्हणता येते: कायद्याने या माणसाचा हिशेब 1922च्या एप्रिलमध्ये चुकता केला, धंद्याने तो दहा वर्षे थकवला, आणि त्याच्याविषयीचे बरेचसे लिखाण अजूनही कायद्याचा निकाल बाजूला ठेवून धंद्याच्याच वहीवरून उतरवले जाते.